एकाच ‘लूज’मध्ये दोन शब्द

‘आय डोन्ट वॉन्ट टू लूज धिस चान्स’ हे वाक्य बोलताना कुणी अडत नाही. लिहिताना मात्र त्या ‘लूज’मध्ये हमखास एक ‘ओ’ जास्त पडतो. मूळ कारण आपल्या जिभेत आहे. स्क्रू लूज असतो, पोट बिघडलं की लूज मोशन होतात आणि मॅचही आपण ‘लूज’ करतो. इंग्रजीत मात्र हे दोन वेगळे उच्चार आहेत. सैल या अर्थाचा शब्द ‘लूस’: दोन ओ आणि शेवटी ‘रस’मधला स. गमावणे किंवा हरणे म्हणजे ‘लूझ’: एकच ओ आणि शेवटी ‘झाड’मधल्या झच्या जवळचा आवाज. भर म्हणून निवडणे या अर्थाचं ‘चूझ’ दोन ओ घेऊन बसलेलं असतं, त्याच्या चालीवर ‘लूझ’लाही दोन ओ लावले जातात.

हा स आणि झ नीट ऐकू यायला लागला की इतरही बऱ्याच जोड्या सुटतात. इंग्रजीत नाम किंवा विशेषण असेल तर शेवटी स आणि क्रियापद असेल तर झ, अशी एक जुनी रीत आहे. वापर म्हणजे ‘यूस’, वापरणे ‘यूझ’. सबब ‘एक्सक्यूस’, माफ करणे ‘एक्सक्यूझ’. जवळचा ‘क्लोस’, बंद करणे ‘क्लोझ’. सल्ला म्हणजे ‘अॅडव्हाइस’, त्यात सी; सल्ला देणे ‘अॅडव्हाइझ’, त्यात एस. ‘प्रॅक्टिस’ला मात्र कान उपयोगी पडत नाही, कारण नाम आणि क्रियापद दोन्हींत स-च ऐकू येतो. तिथे सल्ल्याची जोडी आठवायची. ब्रिटिश लेखनात नामाला सी, क्रियापदाला एस. ‘लायसन्स’चंही तसंच. अमेरिकन लेखनात पहिला शब्द दोन्ही कामांसाठी सीने लिहितात आणि दुसरा एसने. एकाच अर्जात दोन्ही पद्धती मिसळू नयेत, एवढं पथ्य पाळावं.

‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’चा गोंधळ वेगळ्या वाटेनं येतो. ‘पावसाचा पिकांवर इफेक्ट झाला’ हे चालू मराठी वाक्य. इथे इफेक्ट हे नाम आहे, म्हणजे परिणाम, आणि क्रियापदाचं काम ‘झाला’ करतो. हेच वाक्य इंग्रजीत नेताना ‘झाला’ गळून पडतो आणि नामालाच ‘ईडी’ चिकटवून ‘द रेन इफेक्टेड द क्रॉप्स’ लिहिलं जातं. त्याचा अर्थ होतो, पावसाने पिकं घडवून आणली! कारण ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणून आला तर त्याचा अर्थ घडवून आणणे, अमलात आणणे. ‘टू इफेक्ट अ चेंज’ म्हणतात ते त्याच अर्थाने. आदेशातलं ‘विथ इफेक्ट फ्रॉम 1 एप्रिल’ म्हणजे त्या तारखेपासून अंमल. पिकांवर परिणाम झाला असेल तर शब्द ‘अफेक्टेड’. ‘परिणाम’ एवढाच शब्द बसत असेल तर ई, ‘परिणाम करणे’ बसत असेल तर ए. लिहिताना एवढी तपासणी बहुतेक वेळा पुरते.

सगळ्यात अवघड जोड्या त्या, जिथे मराठीत दोन्हींना मिळून एकच शब्द आहे. ‘हिस्टॉरिक’ही ऐतिहासिक आणि ‘हिस्टॉरिकल’ही ऐतिहासिक. महाडचा 20 मार्च 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह ‘हिस्टॉरिक’, कारण त्यानं इतिहास घडवला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला दाणावैरणीच्या हिशेबाचा मोडी कागद ‘हिस्टॉरिकल’: जुन्या काळाचा, अभ्यासकाला मोलाचा, पण त्या कागदाने काही उलथापालथ केलेली नाही. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवहाराशी संबंधित, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे कमी खर्चात काम भागवणारं. म्हणून ‘इकॉनॉमिकल कंडिशन’ असं अर्जात लिहिलं की वाचणाऱ्याला काटकसरीची परिस्थिती दिसते. गोम अशी, की या दोन्हींचं क्रियाविशेषण एकच आहे, ‘इकॉनॉमिकली’. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या इंग्रजी नावात तेच येतं, आणि ते वाचून ‘इकॉनॉमिकल’ही बरोबर असणार असं वाटू लागतं.

उलट काही ठिकाणी मराठीच सोडवते. ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश आणि ‘चाइल्डलाइक’ म्हणजे निरागस, हा फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. ‘प्रिन्सिपल’चंही तसंच. शेवटी पीएएल असेल तर मुद्दल किंवा प्राचार्य, पीएलई असेल तर तत्त्व. गृहकर्जाच्या पत्रातलं ‘इन-प्रिन्सिपल अप्रूव्हल’ म्हणजे तत्त्वतः मंजुरी; त्याचा मुद्दलाशी संबंध नाही. कागदपत्रांची आणि जागेची छाननी व्हायची असते, तेव्हा त्या पत्राच्या भरवशावर बिल्डरला पैसे देऊ नयेत.

टँकरच्या पाठीवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. त्यातल्या ‘इन’ने फसू नका, तो नकाराचा नाही. लॅटिनमधल्या पेटवणे या अर्थाच्या क्रियापदातच तो आहे, म्हणून ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ ज्वलनशील. न पेटणारं ते ‘नॉनफ्लेमेबल’. ‘इनव्हॅल्युएबल’मधला ‘इन’ मात्र नकाराचाच आहे, तरी अर्थ कवडीमोल होत नाही. किंमत करता येणार नाही असा, म्हणजे आपला ‘अनमोल’.

स्पेलचेकर यातलं बरंचसं पकडत नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी शुद्धच असतात. मजकूर पाठवण्याआधी अशा आठ-दहा शब्दांचा फाइलमध्ये शोध घेऊन प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी.

एका जोडीत मात्र चूक जिवावर बेतू शकते: ‘हायपो’ आणि ‘हायपर’. फोनवर तर शेवटचा र ऐकूही येत नाही. हे ग्रीक उपसर्ग आपल्या संस्कृत शब्दांचे सख्खे नातलग आहेत. ‘हायपर’ म्हणजे ‘उपरि’, ज्यातून मराठीतलं ‘वर’ आलं. ‘हायपो’ म्हणजे ‘उप’, खालचा. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर खाली जाणं, मधुमेहींमध्ये 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर साधारण 15 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सुमारे 3 चमचे, पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हायपरग्लायसेमिया असेल तर तीच साखर म्हणजे आगीत तेल. म्हणून फोनवर सांगताना नुसतं ‘हायपो झालंय’ म्हणू नये; ‘साखर खाली गेलीय, 58 आहे’ असं मराठीत, आकड्यासकट सांगावं.