पडद्यावरचे फुलपाखरू काळेपांढरे का?

शाळेच्या पालकसभेत, खंडेराव मार्केटात भाजी घेताना आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या आजींकडून मला एकच प्रश्न विचारला गेला आहे: "एवढं महागडं यंत्र वर्गात आणता, मग त्यात किडे काळेपांढरेच का दिसतात? खरे रंग का नाही दाखवत?" मी बडोद्याच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पावसाळा ओसरला की एक संस्था आम्हाला टेबलावर मावणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तीन दिवसांसाठी वापरायला देते, आणि त्या तीन दिवसांत मुले घरून आणलेले किडे वर्गातल्या पडद्यावर पाहतात. विचारणाऱ्याला उभ्या उभ्या द्यायचे माझे उत्तर "त्यात प्रकाश नसतो हो" एवढेच असते, आणि ते खरे असले तरी अपुरे आहे. तुम्हीही विचारलंत म्हणून या वेळी सावकाश, बैठक मारून लिहिते.

शाळेतल्या मुलांच्या हाती असा मायक्रोस्कोप द्यायचा, ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या बेकमन इन्स्टिट्यूटने 1999 साली 'बगस्कोप' नावाचा उपक्रम सुरू केला. शाळांनी किडे टपालाने पाठवायचे आणि ठरलेल्या वेळी आपल्या वर्गात बसूनच, इंटरनेटवरून, तिथला मायक्रोस्कोप स्वतः चालवायचा, अशी त्याची रीत होती. आमच्याकडे यंत्रच वर्गात येते. ते दोन माणसांनी मिळून उचलावे लागते, आणि ते येणार त्या सकाळी शाळेचे शिपाईकाका प्रयोगशाळेच्या दारातले सगळे बाक आधीच हलवून ठेवतात.

किडे आम्ही मारत नाही. मारायची गरजही पडत नाही, कारण पावसाळाभर ट्यूबलाइटच्या पट्टीवर, खिडकीच्या खाचेत आणि देवघरातल्या समईच्या बुडाशी इतके किडे पडून वाळलेले असतात की दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातून आमचा अख्खा वर्ग पुरवता येईल. ते वाळलेले असणे महत्त्वाचेही आहे. मायक्रोस्कोपच्या कोठडीतली हवा पंपाने काढून टाकावी लागते, नाहीतर इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आपटून वाटेतच भरकटतात, आणि ओल्या किड्यातले पाणी तिथे वाफ होऊन बाहेर येत राहते. एका वर्षी एका मुलाने आदल्या रात्रीच मेलेले झुरळ मोठ्या अभिमानाने आणले आणि मीही उत्साहाच्या भरात ते आत ठेवले. पंप घरघरत राहिला, निर्वात काही होईना, आणि पाऊण तास आम्ही तीस जण एका झुरळाच्या वाळण्याची वाट पाहत बसलो. त्यानंतर किडे आठवडाभर आधी आणून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डबीत ठेवायचे, असा नियम झाला.

वाळलेला किडा अॅल्युमिनियमच्या नाण्याएवढ्या चकतीवर कार्बनच्या चिकटपट्टीने बसवतात. किड्याचे कवच कायटिनचे, म्हणजे वीज न वाहणारे असते, त्यामुळे त्याच्यावर पडलेले इलेक्ट्रॉन तिथेच साचतात आणि चित्रात पांढरे फराटे उठतात. ते टाळायला कोठडीत थोडी हवा राहू द्यायची, नाहीतर किड्यावर सोन्याचा पातळ थर चढवायचा. काही चकत्या आम्हाला तसा थर देऊन मिळतात. "मॅडम, खरं सोनं?" हा प्रश्न दरवर्षी येतो, तेव्हा मी त्याचे गणितच घालते: थर 10 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर, सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम. उत्तर सुमारे 19 मायक्रोग्रॅम येते आणि मुलांचा चेहरा उतरतो.

आता रंगाकडे येते. साध्या मायक्रोस्कोपमध्ये वस्तूवरून आलेला प्रकाश भिंगांतून थेट डोळ्यात शिरतो, म्हणून त्या वस्तूचा रंगही सोबत येतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये आत मिट्ट काळोख असतो. टंगस्टनची एक तार, जुन्या बल्बात असायची तशीच, तापवून तिच्यातून इलेक्ट्रॉन काढतात, हजारो व्होल्टच्या दाबाने त्यांना पुढे ढकलतात आणि विद्युतचुंबकांच्या साहाय्याने त्यांचा झोत सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक करतात. हा झोत किड्यावरून नांगराच्या तासांसारखा ओळीमागून ओळ फिरतो. प्रत्येक बिंदूवर तो आदळला की काही इलेक्ट्रॉन बाहेर उसळतात आणि बाजूला बसवलेला शोधक ते टिपतो. जास्त उसळले तर पडद्यावरचा तो बिंदू उजळ, कमी उसळले तर काळपट, इतकाच हिशेब असतो. कडा आणि टोके यांतून इलेक्ट्रॉनना बाहेर पडायला वाट जवळची असते, म्हणून मुंगीच्या पायावरचे केस चांदीच्या तारांसारखे चमकतात आणि खळगे काळे राहतात. पडद्यावर दिसते ते अशा मोजदादीचे चित्र असते, आणि मोजलेल्या आकड्याला तांबडा की हिरवा हे विचारता येत नाही. वीज गेलेली असताना गणपतीच्या मूर्तीवरून हात फिरवला तर सोंड, मुकुट, हातातला मोदक सगळे बोटांना कळते, पीतांबर पिवळा आहे हे मात्र कळत नाही. वर्गात मी हेच उदाहरण देते, आणि तिथे ते पुरते.

पंगतीतल्या आजींना मात्र ते पुरले नव्हते. त्यांचा पुढचा प्रश्न फार चांगला होता: "मग प्रकाशच घालायचा ना आत!" हे करता येत नाही, कारण भांडण प्रकाशाच्या स्वतःच्या आकाराशी आहे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे त्याच्या एका लाटेची लांबी, साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने 1873 साली दाखवून दिले की भिंगे कितीही उत्तम घासली तरी प्रकाशाने पाहताना तरंगलांबीच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे 200 नॅनोमीटरहून, बारीक तपशील वेगळे काढता येत नाहीत. खडबडीत गोणपाटाच्या हातमोज्याने तिळावरची रेघ चाचपून पाहावी, तसा तो प्रकार आहे. इलेक्ट्रॉनही लाटेसारखे वागतात, पण 15,000 व्होल्टने ढकललेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी 0.01 नॅनोमीटर, म्हणजे निळ्या प्रकाशाच्या सुमारे 45,000 पट लहान असते. चुंबकांची भिंगे सदोष असल्यामुळे प्रत्यक्षात इतके बारीक दिसत नाही आणि आमच्या टेबलावरच्या यंत्राला तर त्याच्या जवळपासही जाता येत नाही, तरी प्रकाशाने जे वेगळे काढता येत नाही ते त्यात वेगळे दिसते. मॅक्स नॉल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी 1931 साली बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. रुस्का यांना त्याचे नोबेल 1986 साली मिळाले, म्हणजे तब्बल पंचावन्न वर्षांनी. हे ऐकल्यावर निकालाला उशीर झाला म्हणून कुरकुरणारी मुले जरा गप्प होतात.

प्रश्नाचे खरे उत्तर मात्र मला दोन फुलपाखरांनी शिकवले, आणि मी वर्गात सगळ्यांत जास्त वेळ त्यांनाच देते. बहाव्याच्या झाडाभोवती घिरट्या घालणारे पिवळसर फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे दिसते. आणि कमाटीबागेतल्या हिरवळीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिरभिरणारे नखाएवढे फिकट निळे फुलपाखरूही तुम्ही पाहिले असेल, नसेल तर चपला काढून पाच मिनिटे तिथे बसावे. दोघांच्या पंखांवर कौलांसारखे एकमेकांवर चढलेले खवले असतात. बोटाला लागणारी भुकटी ती हीच, आणि तिचा एकेक कण सुमारे एक दशांश मिलिमीटर लांबीचा असतो. दोनशे पटींवर दोन्ही पंख सारखेच दिसतात, करड्या कौलांचे छप्पर. पाच हजार पटींवर प्रत्येक खवल्यावर समांतर वरंबे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसू लागतात. त्याच्याही पुढे गेलो की दोघांची वाट वेगळी होते.

पिवळ्याच्या वरंब्यांमधून छोटे लंबगोल दाणे लटकलेले दिसतात, जोंधळ्याच्या कणसात दाणे भरावेत तसे दाटीवाटीने. या दाण्यांत टेरिन नावाच्या गटातली रंगद्रव्ये असतात. ती निळा प्रकाश शोषतात आणि उरलेला परत पाठवतात, म्हणून पंख पिवळा दिसतो. थोडक्यात, हा रंग भरलेला आहे. निळ्याच्या वरंब्यांमधल्या खिडक्यांतून आत डोकावले तर दाणे नाहीतच. तिथे भोकाभोकांचा पापुद्रा दिसतो, अनारशाच्या जाळीसारखा, आणि त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. निळे म्हणावे असे द्रव्य त्या खवल्यात शोधूनही सापडत नाही. पापुद्रा, मग हवा, मग पुन्हा पापुद्रा अशी ही रचना साधारण 200 नॅनोमीटरच्या अंतराने पुन्हा पुन्हा येते, आणि एका पापुद्र्यावरून परतणारा निळा प्रकाश खालच्या पापुद्र्यावरून परतणाऱ्या निळ्या प्रकाशाशी पावलाला पाऊल जुळवून बाहेर पडतो, त्यामुळे तो बळावतो. बाकीच्या रंगांची पावले जुळत नाहीत. साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात तेही याच न्यायाने.

म्हणजे "या भोकाचा खरा रंग कोणता" या प्रश्नाला अर्थच उरत नाही. निळ्या प्रकाशाची एक लाट 450 नॅनोमीटरच्या आसपास असते, भोक तिच्या निम्म्याहून लहान असते, आणि निळेपणा एकट्या भोकात नसून शेकडो भोकांच्या आणि पापुद्र्यांच्या मांडणीत असतो. आमचे काळेपांढरे यंत्र निळा रंग दाखवत नाही, पण निळा रंग कशाचा झाला आहे ते दाखवते, आणि तेवढे आजवरच्या एकाही रंगीत छायाचित्राने मला दाखवलेले नाही.

"पण मॅडम, इंटरनेटवर तर रंगीत फोटो असतात," असे कुणीतरी म्हणतेच. ते रंग मागाहून संगणकावर चढवलेले असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, डासाची सोंड कुठे संपते आणि मिशा कुठे सुरू होतात हे रंगांनी चटकन कळते. तक्रार एवढीच की खाली तसे लिहिलेले क्वचितच असते. मी स्वतः करडी चित्रे छापून मुलांना रंगपेट्या देते. डासाच्या एका चित्रात एकीने सोंडेच्या आवरणातल्या सहा सुया सहा रंगांनी रंगवल्या आणि बाजूला कोणती सुई काय करते ते लिहिले. दुसऱ्याने संयुक्त डोळ्यातला एकेक घुमट हिरव्या-पिवळ्याने आळीपाळीने रंगवायला घेतला आणि साठाव्या घुमटाला कंटाळून तसाच सोडला. दोन्ही चित्रे प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहेत.

निळ्या रंगाची उलटतपासणी करायला मायक्रोस्कोप लागत नाही. रॉबर्ट हूक याने 1665 सालीच मोराच्या पिसाबद्दल नोंदवून ठेवले आहे की ते पाण्याने भिजवले की त्याचे झळकते रंग नाहीसे होतात. फुलपाखराच्या पंखावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो, म्हणून आम्ही स्पिरिट घेतो. काडीच्या टोकाने एक थेंब लावला की त्या जागेचा निळा विझतो आणि मळकट तपकिरी-हिरवट डाग उरतो, कारण पापुद्र्यांमधली हवा जाऊन तिथे स्पिरिट शिरलेले असते. स्पिरिट उडू लागले की डागाच्या कडेपासून निळा परत यायला लागतो, आणि सगळा वर्ग टेबलावर ओणवा झालेला असतो. पिवळ्या पंखावर हाच थेंब टाकला तर पंख ओला होतो पण पिवळाच राहतो.

गेल्या वर्षी एका मुलीने कुंकवाच्या जुन्या डबीतून सोनकिड्याचा एक पंख आणला होता. तिच्या पणजीने लहानपणी बाभळीचा पाला घालून काडेपेटीत पाळलेल्या किड्याचा तो पंख, असे घरी सांगतात; हिरवा रंग अजून कालच्यासारखा लखलखत होता. त्याचा हिरवाही असाच, पापुद्र्यांचा. मुलांनी त्यावर स्पिरिट टाकून पाहिले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. काहीच झाले नाही, कारण इथले पापुद्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि मध्ये हवेची फटच नसते. ते पापुद्रे पडद्यावर पाहायचे तर पंख मोडून त्याची तुटलेली कड चकतीवर उभी करावी लागली असती. मी तसे म्हणताच तिने पंख डबीत ठेवला, झाकण लावले आणि डबी दप्तरात टाकली. "आजी रागावेल," ती म्हणाली. मग आम्ही आपली मुंगीच पाहिली.