उलट्या वाटेवर बाण दिसत नाहीत

स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी वारीला पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी निघायचं हे मी मुद्दाम ठरवलं होतं. सगळे विचारत होते, पवित्र आठवड्यात का नाही जात? पण उपवासकाळात मला वारीची गरजच भासत नाही. ते चाळीस दिवस कसे काढायचे ते ठरलेलं असतं: उपास, क्रूसाची वाट, पापनिवेदन. मग पुनरुत्थानाचे पन्नास दिवस आलेलुया म्हणता म्हणता सरतात. माझं घोडं अडतं ते एक्कावन्नाव्या दिवशी. पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती वेदीजवळून उचलून बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नेतात, धर्मगुरूंचा पांढरा झगा कपाटात जातो, हिरवा बाहेर येतो, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळापर्यंतच्या जवळजवळ सहा महिन्यांत काय करायचं ते कुणी सांगत नाही. त्याला आपण ‘सामान्य काळ’ म्हणतो. इंग्रजी नावातल्या ‘ऑर्डिनरी’चं मूळ ‘क्रम’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, पण आपल्याकडे आला तो सामान्य होऊनच. मीही त्याला तसंच वागवत आले.

त्या वर्षी अडायला आणखी एक कारण होतं. तिशीतल्या एका मुलीची बाप्तिस्म्याची तयारी मी वर्षभर करून घेतली होती. 19 एप्रिलच्या रात्री, ईस्टरच्या जागरणात, तिच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तिच्या खांद्यावर माझा हात होता. मी तिची धर्ममाता. पुढचे तीन रविवार ती दिसली, मग दिसेनाशी झाली. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना हात धरून पुढे न्यायचं ते याच पन्नास दिवसांत, असं ख्रिस्तसभा सांगते. हे मी दुसऱ्यांना शिकवतेसुद्धा. स्वतः मात्र एक फोन केला नाही. वर कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘आजकालच्या मुलांचं असंच असतं.’

तर 9 जून 2025, सोमवार. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं सारिया. इथून सांतियागो दे कोम्पोस्तेला साधारण 115 किलोमीटर. फ्रान्सच्या हद्दीतून निघणारी पूर्ण वाट पावणेआठशेच्या वर जाते. तेवढी रजा नव्हती आणि तेवढे गुडघेही नव्हते. शेवटचे 100 किलोमीटर पायी केले की प्रमाणपत्र मिळतं, म्हणून सारियात गर्दी फार. क्रेदेन्सियाल नावाची घडीची पुस्तिका घ्यायची आणि वाटेतल्या चर्चमध्ये नाहीतर धर्मशाळेत रोज निदान दोन शिक्के मारून घ्यायचे. यात्रेकरूची खूण म्हणून पाठीला शिंपला बांधायचा. बाकी डोकं चालवायचं काम नाही, कारण पिवळे बाण. झाडावर, भिंतीवर, रस्त्यावर, विजेच्या खांबावर. ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी 1980च्या दशकात ही विसरलेली वाट रंगाचा डबा घेऊन पुन्हा आखली. त्यांच्यामुळे आज माझ्यासारखी माणसं नकाशा न उघडता चालतात. गालिसियात, म्हणजे या वायव्य प्रांतात, तर बाणांच्या जोडीला दगडही आहेत, वर शिंपला आणि खाली उरलेले किलोमीटर. आकडा कमी होत जातो आणि माणूस खूश होत जातो.

पहिला मुक्काम पोर्तोमारीन. जुनं गाव 1960च्या दशकात धरणात गेलं. चर्च मात्र दगड दगड सुटा करून, प्रत्येकावर आकडा घालून, वर टेकडीवर पुन्हा बांधलं. काही आकडे अजून दिसतात. मी एका दगडावरून बोट फिरवलं आणि धर्मशाळेत जाऊन बूट काढले. उजव्या टाचेला फोड आला होता.

मंगळवारी पालास दे रेईला पोचेपर्यंत तो फुटला. लंगडतच संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले. हिरवा झगा. सामान्य काळ, दहावा आठवडा, मंगळवार. प्रवचन कळत नव्हतं म्हणून मोबाइलवर मराठी शुभवर्तमान उघडलं: मत्तय, पाचवा अध्याय, तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा. धर्मशाळेत परतले तर तिथल्या स्वयंसेविकेने माझी चाल बघूनच घमेलं आणलं, कोमट पाणी ओतलं आणि मूठभर मीठ टाकलं. पाय आत बोट-दोन बोटं गेला आणि मी अशी किंचाळले की वरच्या बंकवरचा माणूस उठून बसला. ती हसली नाही. माझा घोटा धरून पाय खाली दाबून ठेवला, दुसऱ्या हाताने घड्याळ दाखवलं: दहा मिनिटं. मीठ म्हटलं की प्रवचनात आम्ही चवीबद्दल बोलतो, फार तर टिकण्याबद्दल. झोंबण्याबद्दल बोललेलं मला आठवेना.

बुधवारचा टप्पा सगळ्यात लांब, आर्सूआपर्यंत 29 किलोमीटर. मेलिदेच्या अलीकडे फुरेलोस नावाचं छोटं गाव लागतं. जुना दगडी पूल, पलीकडे चर्च. शिक्का घ्यायला आत गेले तर क्रूसावरच्या ख्रिस्ताचा उजवा हात क्रूसावर नाही. खिळ्यातून सुटून खाली आलेला, बोटं खालच्या माणसाकडे. मी बराच वेळ त्याच्या खाली उभी होते. माझ्या मागे रांग लागली होती हे नंतर कळलं.

बाहेर पुलाच्या कठड्यावर बसून पायाला हवा देताना त्या दिवसाचा संत कोण ते बघितलं. 11 जून, संत बार्णबा. त्याची गोष्ट मला पाठ आहे असं मला वाटायचं. कुप्र बेटावरचा, लेवी वंशातला, खरं नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला बार्णबा म्हटलं, म्हणजे धीर देणारा. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, सगळे टरकून होते तेव्हा त्याला प्रेषितांसमोर नेऊन उभं करणारा हाच. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण प्रेषितांच्या कृत्यांत पुढे एक साधं वाक्य आहे, ते मी आजवर नुसतं वाचून पुढे गेले होते. शौलाच्या जिवावर बेतलं म्हणून बंधूंनी त्याला तार्सास पाठवून दिलं. नवव्या अध्यायात तो जातो आणि अकराव्यापर्यंत त्याचं नावच नाही. पेत्राचे प्रवास चालू आहेत, मंडळी वाढते आहे, सगळं छान चाललंय. ज्याला दमास्कसच्या वाटेवर प्रत्यक्ष प्रभू भेटला तो मात्र तार्सात आहे आणि त्याची कुणाला आठवण दिसत नाही. मग अंत्युखियात काम वाढलं तेव्हा बार्णबा तार्सास गेला, शौलाचा शोध करायला. शोध करायला, असंच लिहिलंय. म्हणजे पत्ताही नीट नव्हता.

माझ्याकडे तर नंबर होता.

तेव्हा मी फोन केला, असं लिहायला बरं वाटलं असतं. केला नाही. सात आठवडे गप्प राहिल्यावर काय बोलायचं ते सुचेना. मोजे चढवले आणि निघाले. गुरुवारचा दिवस निलगिरीच्या रानातून ओ पेद्रोउसोपर्यंत गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही, पाऊस होता.

शुक्रवारी विमानतळाच्या कुंपणाला वळसा घालून मोन्ते दो गोसो चढले. आनंदाचा डोंगर. इथून पहिल्यांदा कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. दुपारच्या मिस्सेला टेकायला जागा मिळाली ती एका खांबामागे. तो छताला टांगून झुलवायचा प्रसिद्ध धूपदान, पन्नास किलोच्या वर वजनाचा बोताफुमेइरो, त्या दिवशी हलला नाही. तो रोज नसतो हे मला माहीत होतं, तरी मान वर करून बसले होते. नंतर जिना चढून, हे शहर ज्याच्या नावाचं त्या प्रेषित याकोबाच्या वेदीमागच्या पुतळ्याला मागून मिठी मारली. खाली चांदीच्या पेटीत त्याच्याच अस्थी आहेत की नाहीत यावर मी वाद घालणार नाही. बायबलमधून कळतं ते असं की जब्दीचा हा मुलगा कोळी होता, शोमरोनी गावावर आकाशातून आग पाडू का विचारण्याइतका तापट होता, गौरवात उजवी-डावीकडची जागा मागण्याइतका महत्त्वाकांक्षी होता, आणि हेरोदाने त्याला तलवारीने मारलं. बारा प्रेषितांमधला पहिला हुतात्मा तो.

यात्रेकरूंच्या कार्यालयात प्रमाणपत्र मिळालं. लॅटिनमध्ये, माझ्या नावाचंही लॅटिन करून. मी ते नळीत घातलं आणि पायऱ्यांवर बसले. लोक रडत होते, फोटो काढत होते, सायकली डोक्यावर उचलत होते. मला मात्र तेच एक्कावन्नाव्या दिवसाचं वाटायला लागलं. आता काय?

मिस्सा हा शब्द आपण रोज तोंडात घोळवतो. तो लॅटिन मिस्सेच्या शेवटच्या वाक्यातून आला: इते, मिस्सा एस्त. जा, पाठवणी झाली. अख्ख्या उपासनेला नाव पडलं ते निरोपावरून. आणि प्रेषित म्हणजे तरी काय, पाठवलेला. आम्ही मात्र निरोपाचं गीत संपायच्या आत चपला शोधत असतो.

बरेच जण सांतियागोला थांबत नाहीत, आणखी नव्वदएक किलोमीटर चालून समुद्रकाठच्या फिनिस्तेर्रेला जातात. नावाचा अर्थच पृथ्वीचा शेवट. ‘पृथ्वीच्या शेवटापर्यंत तुम्ही माझे साक्षी व्हाल,’ हे आठवून मलाही मोह झाला. पण हाताशी एकच दिवस होता. मग डोक्यात आलं की पूर्वीचे यात्रेकरू इथवर येऊन अर्धीच वाट संपवत असणार. त्यांना घरी जायलाही पायच होते. आपल्या वारी या शब्दातही जाऊन परत येणं आहेच, नाहीतर ती वारी कसली. शनिवारी सकाळी मी पाठपिशवी अडकवली आणि आदल्या दिवशी आले त्याच वाटेने उलटी निघाले, ओ पेद्रोउसोकडे. वीस किलोमीटर.

शहर संपेपर्यंत ठीक होतं. पुढे कळलं की बाण दिसतच नाहीत. ते सगळे समोरून येणाऱ्यासाठी रंगवलेले, झाडाच्या पलीकडच्या अंगाला, भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यावर. किलोमीटरचे दगड होते, पण माझ्याकडे त्यांची कोरी पाठ. आदल्या दिवशी जिथे विचारही केला नव्हता तिथे दोन दोन फाटे फुटलेले. मोबाइलचा नकाशा रानात गोल गोल फिरत होता. एका फाट्यावर मी डावीकडे वीस पावलं गेले, मागे वळून बघितलं, बाण नाही. परत आले. उजवीकडे वीस पावलं, वळून बघितलं. निलगिरीच्या खोडावर पिवळा बाण, माझ्याकडे रोखलेला. असं तीन ठिकाणी केलं. नंतर त्याचीही गरज उरली नाही, कारण माणसं येऊ लागली आणि ती जिकडून येत होती तिकडे मला जायचं होतं.

आणि ती दिसू लागली. पाच दिवस मी पाठी बघत होते: पिशव्या, शिंपले, वाळत घातलेले मोजे. आता तोंडं. एक म्हातारे गृहस्थ ओठातल्या ओठात माळ म्हणत येत होते. दोन बहिणी असाव्यात, एकमेकींशी न बोलता दहा पावलांच्या अंतराने चालत होत्या, दोघींचे डोळे सुजलेले. शाळेतल्या मुलांचा घोळका गात आला आणि माझ्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. जवळजवळ प्रत्येक जण ‘बुएन कामिनो’, वाट सुखाची होवो, म्हणायचा आणि मग बोटाने मागे दाखवायचा: बाई, सांतियागो तिकडे. मी मान हलवून हसायचे. एक मुलगी ओंडक्यावर बूट काढून बसली होती. तिची टाच बघितल्यावर मीठ सांगायचा धीर झाला नाही; उरलेल्या पट्ट्या देऊन टाकल्या. कालही ती किंवा तिच्यासारखी कुणीतरी कुठल्यातरी ओंडक्यावर बसलेली असणारच. मी तिच्यावरून गेले असेन.

ओ पेद्रोउसोच्या आधी पाऊस थांबला. मी एका दगडाला टेकून फोन लावला. चौथ्या घंटीला तिने उचलला.

“ताई? तुम्ही?”

“हो गं. कशी आहेस?”

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, “मला वाटलं, तुमचं काम झालं.”

रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं. तिने साधंच सांगितलं. तिसऱ्या रविवारी शेजारच्या बाईंनी तिला विचारलं होतं, तुम्ही इथे नवीन का? जागरणाच्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांतल्याच त्या बाई. “मी तुमच्याकडे बघत होते. पण तुम्ही गायनवृंदात होता. पुस्तकात बघून आलेलुया म्हणत होता.”

मला तो रविवार आठवत होता. वरचा सूर चुकला नव्हता म्हणून मी खूश होते.

“या रविवारी येशील?” असं तोंडापर्यंत आलेलं गिळलं. म्हटलं, “मी मंगळवारी तुझ्याकडे येऊ?”

“मंगळवारी मला यायला उशीर होतो, ताई.”

“मग उशिरा येते.”