टाच नको, तळवा

"प्रेशर बरोबर आहे ना, सर?" हा प्रश्न नेमका तोंड मसाजच्या टेबलाच्या भोकात रुतलेलं असताना येतो. खाली फरशी, वर न थांबणारी बासरी. (ती बासरी पहिल्यांदा बंद करायला हवी.) मी "हो" म्हणालो. खांद्याच्या हाडाच्या आतल्या कडेला त्या मुलाचं कोपर टेकलं होतं आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या भर दुपारी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी "हो". पोह्यांवर तर्री कमी पडली तर आम्ही हक्कानं मागून घेतो, पण पाठीचं काही बोलायचं म्हटलं की वाचा बसते.

"मग श्वास काहून रोकून राहिले जी?" तो म्हणाला, आणि कोपर न उचलता जरा सैल केलं.

त्याला माझ्या होकाराशी देणंघेणं नव्हतंच. श्वास अडकला, पायाची बोटं आखडली, की जास्त झालं. स्नायू स्वतःला आवळून घेतो. मग वरून कितीही रेटा, आत काही पोचत नाही. डीप टिश्यूत, म्हणजे खोलवरच्या स्नायूंच्या मसाजात, ताकदीपेक्षा धीर लागतो. तेल बेताचं, हात सावकाश, वरचा थर सुटला की मगच खालचा. टेबलावर घेण्याआधी त्यानं रक्त पातळ करायच्या गोळ्या, ठिसूळ हाडं, सगळं विचारून घेतलं होतं.

लहानपणी महाल भागातल्या घरी असलं काही कोणी विचारत नसे. मे महिना, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, सतरंजीवर पालथे आबाजी आणि त्यांच्या पाठीवर उभा मी. हातात खिडकीचे गज. गज घट्ट धरले की माझं वजन निम्मं, सोडले की पुरतं. खालून हुकूम सुटत. "टाच नको बाप्पा, तळवा! मणक्यावर नको, बाजूनं. आता सोड गज. सोड... धर, धर!" धाकट्या भावालाही चढायचं असे, पण "हे पोट्टं तं माशी बसल्यासारखं वाटते" म्हणून त्याला पायांकडे पाठवत. मोबदला म्हणून बर्फाचा गोळा, तो मात्र दोघांना सारखाच.

एरवी आबाजी कुठं दुखतं ते कुणाला सांगत नसत. दात ठणकत असला तरी मुकाट्यानं जेवून उठायचे. बोलायचे ते फक्त त्या सतरंजीवर, पालथे, तोंड भिंतीकडे करून.

आजी गेली त्या उन्हाळ्यातही ते दुपारी तसेच आडवे झाले. मी आता चांगला जड झालो होतो. "सोड गज," म्हणाले. सोडले. मी वाट पाहत उभा राहिलो, पण ते "धर" म्हणालेच नाहीत.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाली म्हणून पाठीवर चढणं बंद करायला लावलं. मग नुसते पाय चेपायचे, तेही हलक्या हातानं.