अर्जाला तारीख नव्हती

पडवीत पाणी आलं तो दिवस १७ जुलै २०२३, दिव्यांची अमावास्या. आईने समया घासून पाटावर मांडल्या होत्या. पाट तरंगला, समया आडव्या झाल्या आणि वाती वाहत वाहत मोरीकडे गेल्या.

आमचं घर दक्षिण कोकणातल्या एका लहान नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. मागून वहाळ, म्हणजे ओढा, जातो, रस्त्याखालच्या पायपातून पलीकडे निघतो आणि दोनशेक पावलांवर समुद्राला मिळतो. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे अकरा-बाराच्या सुमाराला भरती पूर्ण असते. त्या वेळेस वरून पाऊस आला की वहाळाला जायला जागा राहत नाही, पाणी उलटं चढतं. पाइप अर्धा गाळाने भरलेला असेल तर विचारायलाच नको.

मी दीड पानी अर्ज लिहिला. त्यात ‘प्रशासनाच्या निष्क्रियतेमुळे’ दोनदा होतं आणि शेवटी ‘कायमस्वरूपी उपाययोजना करावी’ अशी मागणी होती. आवक विभागात शिक्का मारून घेतला, पोच खिशात घातली आणि आता काम होणार असं समजून घरी आलो. त्याच आठवड्यात, १९ जुलैच्या रात्री, रायगडात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आमच्याकडेही सगळी यंत्रणा डोंगराखालच्या वाड्या बघत फिरत होती. तेव्हा गुडघाभर पाण्याची तक्रार घेऊन परत जायला लाज वाटली, म्हणून महिनाभर गेलोच नाही.

नंतर मात्र चार खेपा झाल्या. ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘बांधकामकडे मार्क केलाय’, ‘पुढे पत्र दिलंय’. नगरसेवकाला गाठावं तर तेव्हा नगरसेवकच नव्हते. निवडणुका रखडल्या होत्या आणि कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक असते तर काम झालं असतं असं मी म्हणत नाही, पण निदान चिडायला ओळखीचा माणूस असता.

शेजारचे आबा तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पोच हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अर्ज खंय गेलो ता इचारू नको. खंयच्या गठ्ठ्यात गेलो ता इचार.”

मग त्यांनी सहा गठ्ठ्यांची पद्धत सांगितली. कारकुनाच्या टेबलावरचे कागद सहा ठिकाणी लावायचे: चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं म्हणजे ठरावीक तारखेला वर पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात जायचे कागद आणि नष्ट करायचे. आबांच्या मते यातला दुसरा गठ्ठा फसवा. ज्या कागदावर दुसऱ्या कुणाचं उत्तर यायचं आहे तो तिथे जातो. उत्तर आलं नाही तर कागद तिथेच राहतो आणि कुणालाही दोष देता येत नाही.

माझा तिथेच होता. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, म्हणून त्याखालचा पाइपही त्यांचा. वहाळाचं मुख भरतीरेषेत, म्हणजे तिथे हात लावायचा तर सीआरझेडचा, किनारपट्टीवरच्या कामांच्या नियमांचा प्रश्न. मधला दीडशे-पावणेदोनशे मीटरचा तुकडा तेवढा नगरपरिषदेचा. मी अर्जात हे तिन्ही एकत्र कालवून ठेवलं होतं. नगरपरिषदेने सार्वजनिक बांधकाम विभागाला ‘आपले स्तरावरून उचित कार्यवाही होणेस विनंती’ असं पत्र धाडलं आणि आपल्या तुकड्यासकट सगळी फाइल त्या उत्तराची वाट बघत बसली.

नोव्हेंबरात आबांच्या सांगण्यावरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं. ‘काम का झालं नाही’ असं विचारायचं नाही, फाइलवरच्या टिपणीची प्रत मागायची, हे त्यांनी बजावलं होतं. तीस दिवसांची मुदत संपायच्या दोन दिवस आधी चार पानं मिळाली, पानाला दोन रुपये या हिशोबाने आठ रुपयांत. ती मी अजून जपून ठेवली आहेत. ऑगस्टमधली टिपणी होती, ‘सद्यस्थितीत पाण्याचा प्रवाह जास्त असल्याने पाऊस कमी झाल्यावर स्थळपाहणी करणे उचित होईल.’ ऑक्टोबरातली होती, ‘स्थळपाहणी केली असता पाणी साचल्याचे दिसून आले नाही. सबब…’ सबबच्या पुढे नेहमीचंच.

घरात ते मोठ्याने वाचलं तेव्हा सगळे हसले. आईने मात्र विचारलं, “बघायला आले ते किती वाजता?” कोपऱ्यात लिहिलं होतं, सायंकाळी साडेपाच, आणि पाहणीची तारीख होती अमावास्येची. म्हणजे ऐन सुकतीला, पूर्ण ओहोटीला! त्या वेळी वहाळात कोंबडीसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जाते.

जानेवारीत मी नगरपरिषदेच्याच बांधकाम विभागातल्या इंजिनीअर मॅडमना भेटलो. संपूर्ण शहराला त्या एकट्या, आणि आठवड्यातले दोन दिवस शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. त्यांनी समोरची खुर्ची रिकामी करण्यासाठी त्यावरच्या फायली उचलल्या आणि उचलता उचलताच सांगत गेल्या: ही कोर्टाची, हिला पुढची तारीख आहे. ह्या माहिती अधिकाराच्या, तीस दिवस. ही ‘आपले सरकार’ पोर्टलवरची तक्रार, एकवीस दिवसांत बंद केली नाही तर वरून विचारणा. हे लोकशाही दिनाचं, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला उत्तर न्यायचं. हे पालकमंत्र्यांच्या कार्यालयातून आलेलं पत्र. शेवटी खुर्चीच्या तळाशी सापडला माझा अर्ज.

“तुमचं म्हणणं खरं आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण ह्याला तारीख नाही.”

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जास्त उपयोगी पडली. ‘कायमस्वरूपी उपाययोजना’ म्हणजे संरक्षक भिंत, नवा स्लॅबड्रेन. ते काम राज्याच्या नगरोत्थान योजनेतून मागायचं म्हणजे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, जिल्हा नियोजनची मंजुरी आणि मग निविदा. वित्त आयोगाचा पैसा आहे, पण त्यातला साठ टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला आणि उरलेल्यावर आधीच पंधरा जण टपलेले. “गाळ काढा म्हणालात तर दरवर्षीच्या नालेसफाईत बसवता येतं. ती यादी मी मार्चअखेर करते.” मी सहा महिने भिंत मागत होतो, म्हणून मला फावडंसुद्धा मिळत नव्हतं.

मी त्यांना एकच विनंती केली, पाहणीला २५ जानेवारीला साडेअकराला या. पौष पौर्णिमा होती. त्या पावणेबाराला आल्या, कारण राष्ट्रीय मतदार दिन होता आणि कार्यालयात शपथ झाल्याशिवाय निघता येत नव्हतं. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता आणि पायपातून पाणी आमच्या बाजूला येत होतं, संथ, वर तेलाचा तवंग आणि एक थर्माकोलचा तुकडा घेऊन. मॅडम दोन-तीन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग चप्पल काढून काठावर उतरल्या, “टेप धरा” म्हणाल्या. एक टोक मी, एक टोक त्यांचा शिपाई. रस्त्यापासून आमच्या कुंपणाच्या वळणापर्यंत १७० मीटर भरलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे जाण्यात अर्थ नव्हता. शिपायापासून इंजिनीअरपर्यंत सगळे घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीला दारोदार. आमच्याही दारात आले. मी पाणीपट्टी भरली आणि यादीची आठवण केली, वसुलीवाल्याने ‘हो हो’ केलं.

नवीन अर्ज पाच ओळींचा केला. फक्त नगरपरिषदेच्या हद्दीतला तुकडा, फक्त गाळ, लांबी १७० मीटर, आणि खाली ओळीने तारखा: ६ जून, २२ जून, ५ जुलै, २१ जुलै. या दिवशी उधाण आहे, त्याआधी काम व्हावं. पायपासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाला वेगळा अर्ज दिला. मुखावरचा वाळूचा बांध आमच्याकडची पोरं दर पावसाळ्यात फावड्याने फोडतातच, त्याला कुणाचीच परवानगी मागितली नाही. हे लिहावं की नाही असा विचार केला, पण खरं ते खरं.

एप्रिलअखेर यादी बघायला मिळाली. अनुक्रमांक १४ वर आमचा वहाळ होता! आनंद झाला. मग सवयीने वरखाली वाचलं तर वरच्या आळीच्या गटारासमोर आधीचा आकडा खोडून अर्ध्याहून कमी केलेला. मॅडमना विचारलं. “रक्कम तेवढीच आहे ना,” एवढंच म्हणाल्या. मी तो कागद परत टेबलावर ठेवला. तोंडातून ‘मग आमचं कमी करा’ असं काही निघालं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जेसीबी आला आणि काम दीड दिवसात संपलं. पायपातला गाळ मात्र तसाच आहे, तो अर्ज कुठल्या गठ्ठ्यात आहे ते आबा विचारतात.

२१ जुलैला, गुरुपौर्णिमेला, पाणी पडवीच्या दुसऱ्या पायरीवर येऊन थांबलं. आई दाराशी स्टूल टाकून बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतल्या काकी आल्या. त्यांच्या मागच्या खोलीत पाणी शिरलं होतं, साडीचा काठ अजून ओला होता.

“तुझो तो अर्ज दाखव रे, कसो लिवलंस तो.”

मी प्रत दिली. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत वाचला आणि तारखांपाशी थांबल्या. “आमी खंयच्यो घालूच्यो?”

भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. पुढची अमावास्या ४ ऑगस्टला होती.