नऊ मीटरचा रस्ता आणि सहा टिप्पर

फाइलच्या पहिल्या पानावर रहिवाशांचा अर्ज होता: ‘आमच्या भागाचा झोन बदलण्यात यावा.’ अर्ज वर्षभर टेबलाटेबलावरून फिरला तो याच एका शब्दापायी. नागपुरात झोन म्हटलं की महापालिकेची दहा झोन कार्यालयं आठवतात. विकास योजनेतला झोन वेगळा, तो जमिनीचा वापर ठरवतो. तक्रार होती घरांमधल्या मोकळ्या प्लॉटवर टिप्पर उभे करण्याची, म्हणजे वापराची, आणि अर्ज वाचला गेला हद्दीचा.

पूर्व नागपुरातला, गुंठेवारीत नियमित झालेला ले-आउट. कोपऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर सहा टिप्पर, चार स्कूल व्हॅन आणि मागच्या भिंतीशी तीन बंद पडलेले ट्रक. मी पहाटे सव्वाचारला पोचलो, कारण वापराची तक्रार असली की वापर चालू असतानाच बघावा लागतो. दुपारी अकराला तिथं नुसती गाड्यांच्या चाकोऱ्यांनी उकरलेली जमीन दिसली असती.

साडेचारला पहिलं इंजिन सुरू झालं आणि जागेवरच गुरगुरत राहिलं. “रोजचंच आहे नं साहेब हे, लेकरं दचकून उठतात,” शेजारच्या घरातल्या काकू फाटकाशी येऊन म्हणाल्या. यात ड्रायव्हरचा खोडसाळपणा नसतो. एअर ब्रेकच्या टाकीतली हवा रात्रभरात गळते. दाब पुरेसा चढल्याशिवाय मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक सुटतच नाहीत, म्हणून काही मिनिटं इंजिन चालू ठेवावंच लागतं. सहा गाड्या, मग प्रत्येकीचा रिव्हर्सचा भोंगा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण मोबाइलच्या ॲपवरचा आकडा पुराव्यात टिकत नाही, म्हणून मी तो अहवालात घेत नाही. गाड्यांचे नंबर, सुरू झाल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, फाटक कोणत्या रस्त्यावर उघडतं, एवढं लिहून घेतलं आणि तारीख-वेळेसह फोटो काढले.

उजाडल्यावर टेप धरला. फाटकापुढचा रस्ता नियमितीकरणाच्या नकाशात, म्हणजे आरएलच्या नकाशात, ९ मीटर. जागेवर भिंत ते भिंत ८.७० भरला. दहाचाकी टिप्पर साधारण साडेआठ मीटर लांब असतो. तो एका दमात वळत नाही, मागेपुढे करतो, आणि त्या ओढाताणीत मागची चाकं एकाच जागी घासत राहतात. नेमकी तिथंच गटाराच्या चेंबरची दोन झाकणं फुटली होती. एकाचा तुकडा उलटा करून माती पुसली, तर त्यावर ‘एलडी-२.५’ अशी खूण. अडीच टन चाचणीभाराचं झाकण, फुटपाथ किंवा अंगणासाठीचं. भरलेल्या दहाचाकी गाडीचं एकूण वजन २८.५ टनांपर्यंत जातं, मागच्या दोन ॲक्सलच्या प्रत्येक चाकजोडीखाली पाच टन तरी येतात. त्या रात्री एक टिप्पर मुरूम भरूनच उभा होता. झाकणाचा फोटो मी खुणेसकट घेतला. आवाज हवेत विरून जातो, झाकण फाइलमध्ये राहतं.

तोवर सगळं रहिवाशांच्या बाजूनं होतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे दाट वस्तीबाहेर १२ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरचा निवासी भूखंड आर-१ मध्ये येतो, १२ आणि त्याहून रुंद रस्त्यावरचा आर-२ मध्ये. हे निवासी झोनचेच दोन प्रकार, आणि गाड्या ठेवण्याची सवलत आर-२ मध्येच आहे. दुपारी नगररचना विभागातून भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेतला त्या भागापुरता नकाशा, हाती आला आणि चित्र पालटलं. प्लॉटची मागची बाजू विकास योजनेतल्या १८ मीटर रस्त्याला लागून होती. तिकडं झुडपं माजली होती, भिंत घातलेली होती, म्हणून तो रस्ता कुणाच्या ध्यानातच नव्हता. आर-२ मध्ये मोकळ्या भूखंडावर हलकी वाहनं ठेवता येतात, धंदा म्हणूनसुद्धा.

संध्याकाळी रहिवाशांना हे सांगणं मला जड गेलं, पण त्यांना अर्ध्या आशेवर ठेवणं त्याहून वाईट. म्हटलं, तक्रारीचे तीन तुकडे करा. स्कूल व्हॅनवरचा आक्षेप सोडा. हलकं वाहन कोणतं याला मी मोटार वाहन कायद्यातली व्याख्या लावतो: आरसीवर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत. चारही व्हॅन त्यात बसत होत्या. फक्त फाटक मागच्या रस्त्यावर न्यावं आणि मालकानं वापराची परवानगी घ्यावी, कारण नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये जमिनीच्या वापरातला बदल हाही ‘विकास’च आहे.

टिप्पर त्या सवलतीत बसत नाहीत, रस्ता ९ मीटरचा असो की १८ चा. तिथं त्याच अधिनियमाची अनधिकृत विकासावरची कलमं ५२ आणि ५३ लागू होतात. आणि बंद ट्रक म्हणजे पार्किंग नव्हेच. त्यांचे गिअरबॉक्स उतरवलेले होते, ताडपत्रीखाली बॅटऱ्या उघड्यावर पडलेल्या, काळ्या तेलाचा ओघळ शेजाऱ्याच्या बोअरवेलपासून चार पावलांवर आलेला. हे गाड्या तोडण्याचं काम आहे आणि ते वेगळ्या अर्जात मांडायला हवं. तिन्ही एकाच कागदावर घातले, तर मालक व्हॅनचा मुद्दा जिंकतो आणि बाकी दोन त्याच्या आडोशाला तरून जातात.

नवा अर्ज दीड पानांचा झाला. ‘झोन’ शब्द काढला, ‘भूखंडाचा अनधिकृत वापर’ असं लिहिलं. सोबत भाग नकाशा, आरएलची प्रत, मोजमापाचा कच्चा नकाशा आणि आठ फोटो. प्लॉटमालक काकांनाही मी त्याच संध्याकाळी भेटलो. निवृत्तीनंतर त्या भाड्यावरच त्यांचं भागत होतं. “व्हॅन राहू शकतात नं जी?” एवढंच त्यांनी विचारलं. राहू शकतात, हे मी त्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवलं.

नोटिशीनंतर टिप्पर कापसीकडच्या यार्डात गेले. व्हॅनचं फाटक मागं वळलं. फुटलेल्या झाकणांच्या जागी एचडी-२०, म्हणजे वीस टन चाचणीभाराची झाकणं बसवायला मी सुचवलं, एक बसलं आहे. बंद ट्रकांपैकी दोन भंगार केंद्रावर गेले. तिसऱ्याच्या आरसीवरचा मालक वारला आहे. वारसांच्या सहीशिवाय नोंदणी रद्द होत नाही, म्हणून तो अजून भिंतीशीच उभा आहे, खाली वाळूचा ट्रे ठेवून.