बाबांचं लिअँडर, पाण्याखालून

माझे बाबा माझगाव डॉकमध्ये प्लेटर, म्हणजे जहाजाच्या पोलादी प्लेट्सचं काम करणारे कारागीर होते. ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’ या नौदलाच्या दोन्ही फ्रिगेट्सवर (मध्यम आकाराच्या युद्धनौकांवर) त्यांनी काम केलं, पण घरी बोलणं व्हायचं ते ओव्हरटाइमचं, बोनसचं आणि कँटीनमधल्या उसळीचं. ही जहाजं ‘लिअँडर’ वर्गातली, मूळ आराखडा ब्रिटिश, हे मला कळलं ऑकलंडला येऊन डायव्हिंगच्या नादी लागल्यावर. कारण इथून उत्तरेला, बे ऑफ आयलंड्समध्ये, त्याच वर्गातली एक फ्रिगेट मुद्दाम बुडवून ठेवली आहे. नाव ‘कँटरबरी’. ग्लासगोला यॅरो कंपनीने बांधलेली, १९७१ ते २००५ न्यूझीलंडच्या नौदलात, आणि ३ नोव्हेंबर २००७ पासून डीप वॉटर कोव्हच्या तळाशी.

जायच्या आधी बाबांना फोन केला. खाली गेल्यावर काय बघू? म्हणाले, “वेल्ड बघ. बाकी सगळं रंगरंगोटी.”

पैहियाहून बोट निघते. जाड वेटसूट, हूड, हातमोजे असा जामानिमा. तारकर्लीच्या कोमट पाण्यात शिकलेल्या माणसाला इथलं पाणी पहिल्या मिनिटात हाडापर्यंत जाणवतं. जहाज सरळ बसलंय, ही मोठीच सोय. फ्लोरिडातलं ‘स्पीगेल ग्रोव्ह’ २००२ मध्ये ठरल्या वेळेआधीच उलटं होऊन बुडालं होतं, तसं इथे झालं नाही. तळाची वाळू ३६-३८ मीटरवर आहे. तिथे जायचं कारण नाही आणि माझं सर्टिफिकेटही ३० मीटरपर्यंतचंच. बघण्यासारखं सगळं त्याच्या वरच आहे: ब्रिज, हेलिकॉप्टरचा हँगर, फ्लाइट डेक.

दोरी धरून उतरताना आधी नुसतं हिरवट पाणी, मग निळ्या-राखाडी बारक्या माशांचा ढग, आणि त्या ढगातून जहाज वर येतं. वेल्ड? एकही दिसलं नाही. गुलाबी, केशरी, जांभळ्या ज्वेल ॲनिमोन्सनी (फुलांसारख्या दिसणाऱ्या बारक्या समुद्री जीवांनी) रेलिंगपासून दारांच्या चौकटींपर्यंत सगळं मढवून टाकलंय. हँगरच्या तोंडाशी थांबले तर आतल्या अंधारात मासे आणि बाहेर किंगफिशची एक टोळी गस्त घातल्यासारखी फिरत होती. स्नॅपर तर इतके निवांत की मीच बाजूला झाले.

वर आल्यावर फोटो पाठवले. बाबांनी मासे बघितलेच नाहीत. एका दाराचा फोटो मोठा करून म्हणाले, “कोपरा बघ कसा गोल आहे. काटकोनात कापला तर प्लेट तिथूनच फाटते.” मग डायव्हर्सना आत-बाहेर करता यावं म्हणून जहाजाच्या अंगात कापलेली भोकं दाखवली, तर कडा घासल्यात का, हाताला लागतात का, ही चौकशी. तेल, डिझेल काढलं? केबल्स? ॲस्बेस्टॉस? असं जहाज बुडवण्याआधी हे सगळं उपसून काढावं लागतं, सुटं काही राहू द्यायचं नाही, लोंबणारी वायर तर अजिबातच नाही. बाबांना हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे हे गोदीचंच काम.

‘कँटरबरी’चा इतिहासही साधा नाही. १९७३ मध्ये पंतप्रधान नॉर्मन कर्क यांनी फ्रान्सच्या अणुचाचण्यांचा निषेध म्हणून युद्धनौका मुरुरोआला, म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या चाचण्यांच्या बेटाकडे, पाठवल्या. आधी ‘ओटागो’ गेली, मग तिच्या जागी ही. आणि इथून किनाऱ्याने आणखी वर गेलं की कॅव्हली बेटांजवळ ‘रेनबो वॉरियर’ आहे, त्याच चाचण्यांना विरोध करणाऱ्या ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचं जहाज, १९८५ मध्ये फ्रेंच हेरांनी ऑकलंड बंदरात स्फोटाने बुडवलेलं. तेही वर काढून १९८७ मध्ये तिथे माशांसाठी पुन्हा बुडवलं. एकाच भांडणातली एक सरकारी आणि एक बिनसरकारी अशी दोन जहाजं एकाच किनाऱ्यावर, आणि दोन्हींवर डायव्हर्सची वर्दळ.

आपल्या लिअँडर्सचं काय झालं? पहिली ‘नीलगिरी’ १९९७ मध्ये नौदलाने सरावात क्षेपणास्त्र डागून बुडवली. बाबांची ‘विंध्यगिरी’ २०११ मध्ये मुंबई बंदरात मालवाहू जहाजाची धडक बसून, आग लागून धक्क्यालाच बुडाली. जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ लिअँडर नव्हे, पण तीही २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्याला, जिथे जहाजं मोडतात तिथे, तोडायला घेतली तेव्हा मी इथे बसून हळहळले होते. बाबा म्हणाले, लोखंड भट्टीत गेलं तर पुन्हा कामाला येतं, त्यात रडण्यासारखं काय? मला हे आजही पटत नाही. पण जहाज नीट साफ न करता नुसतं बुडवायचं असेल, तर भट्टीच बरी, एवढं मी मान्य करते.

आता ‘आयएनएस गुलदार’, नौदलाचं निवृत्त जहाज. २०२५ मध्ये नौदलाने ती एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, ताब्यात दिली. सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ, म्हणजे माशांना आसरा देणारा खडक, करायची योजना. आमचं गाव तिथून जवळ, त्यामुळे बाबा या विषयावर मालवणीत शिरतात.

“थंय मासे गावतत काय गो?” त्यांनी कँटरबरीबद्दल विचारलं.

बक्कळ, म्हटलं.

“मगे पकडता कोण?”

कोणीच नाही. डीप वॉटर कोव्हमध्ये २०१० पासून राहुई आहे, म्हणजे मासेमारीला मनाई. ती मागितली तिथल्याच माओरींनी, पातुकेहा आणि न्गाती कुता या दोन हापूंनी, म्हणजे कुळांनी. लोखंडाभोवती मासे गोळा होतात ते लगेच. पण तिथेच जाळी लागली तर रीफ कसलं, आयता सापळाच. निवतीला ही मनाई कोण मागणार? मुंबईतून आदेश निघाला तर तो किती टिकेल, हे रापणकारांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) घरात वाढलेल्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते म्हणाले, आधी चुलतभावाला विचार, त्याचीच होडी असते त्या बाजूला.

त्याला मेसेज टाकलाय. हंगाम सुरू असल्यामुळे दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. आलं की इथे लिहीन.