आठवडाभरात व्हीबीएस उभी करायची म्हणजे

मे महिन्यात मुलांची व्हीबीएस, म्हणजे चर्चची सुट्टीतली बायबल शाळा, घ्यायची असेल तर खरं म्हणजे जानेवारीतच बसायला पाहिजे, पुस्तकं मागवायची, शिक्षकांचं ट्रेनिंग, गाणी बसवायची, हे सगळ्या चर्चला माहीत असतं आणि दरवर्षीच माहीत असतं. यंदा काय झालं, ज्या काकू हे सगळं अंगावर घ्यायच्या त्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, शाळांच्या परीक्षा आता एप्रिलच्या शेवटापर्यंत चालतात त्यामुळं आईबापांचं डोकं तिकडंच, आणि हॉलचं विचारलं तर पुढं सगळ्या तारखा लग्नांना गेलेल्या. मोकळा आठवडा एकच, तोही पुढचाच. पाळकसाहेब म्हणाले, "बघा जमतंय काय, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत घेऊ." दिवाळीत कोण येतंय हो, निम्मी पोरं गावाला आणि नाताळची प्रॅक्टिस तोंडावर. म्हटलं घेऊया.

त्या रात्री लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला आणि त्यावर काय काय यायला लागलं! कुणी अमेरिकेतल्या चर्चचा व्हिडिओ टाकतंय, स्टेजवर अख्खं जंगल उभं केलेलं, कुणाला अंतराळयान पाहिजे, एकानं तर फ्लेक्सवाल्याला रेट पण विचारून टाकला. माझं स्पष्ट मत आहे, वेळ कमी असला की थीम शोधत बसायचं नाही. आधी माणसं, वेळ आणि नाश्ता. हे तीन ठरलं की पोरांना रिकाम्या हॉलमध्येसुद्धा रमवता येतं, आणि हे ठरलं नाही तर जंगल लावा नाहीतर समुद्र लावा, साडेनऊला पोरं "टीचर भूक लागली" म्हणून उभी राहतात.

जागेवरून पण थोडी कुरकुर झाली, हॉल जुना, पंखे दोनच वगैरे. तेव्हा मी मुद्दाम सांगितलं की ही सुट्टीतल्या बायबल शाळेची पद्धत जिथून पसरली त्यात 1898 ची न्यूयॉर्कमधली एक शाळा येते, आणि ती हॉज नावाच्या डॉक्टरांच्या बायकोनं रस्त्यावर हिंडणाऱ्या पोरांसाठी बिअरच्या गुत्त्याची जागा भाड्यानं घेऊन भरवली होती. पुढं 1901 पासून रॉबर्ट बोव्हिल नावाच्या पाळकांनी ती गावोगाव नेली. गुत्त्यात चालली तर आमच्या दोन पंख्यांत का चालू नये. (चर्चचे एक वडील, म्हणजे एल्डर, म्हणाले हे रविवारी भक्तीत सांगू नका म्हणजे झालं.)

वेळ सकाळी आठ ते साडेदहा. ह्यात चर्चेला जागाच नाही, कोल्हापुरात मेमध्ये अकरानंतर पत्रा तापतो आणि दुपारी कधी वळीव येईल आणि लाईट जाईल सांगता येत नाही.

गोष्ट एकच घेतली, बायबलमधल्या योनाची. देवानं निनवे शहराला जा म्हटलं तर हा तारवात बसून उलटा पळाला आणि तीन दिवस माशाच्या पोटात राहिला, तो संदेष्टा. चार अध्याय, सगळी मिळून 48 वचनं, शिक्षकांना एका बैठकीत वाचून होतं. रोज एक अध्याय, पाचव्या दिवशी उजळणी आणि रविवारच्या नाटुकलीची तयारी. नेहमी आपण पाच दिवस पाच वेगळ्या गोष्टी घेतो, मग प्रत्येक शिक्षकाला पाच तयाऱ्या आणि पोराला पाचही अर्धवट. एकच गोष्ट चालू असली की काल न आलेल्याला बाकीची पोरंच सांगतात, आणि रोज मोक्याच्या जागी थांबता येतं. पहिल्या दिवशी योनाला समुद्रात टाकला आणि घंटा वाजवली, पोरं उठेनात.

एक गंमत सांगते. खलाशी सामान समुद्रात फेकायला लागले, तारू फुटायची वेळ आली, मी अगदी आवाज चढवून सांगतेय आणि पुढं बसलेला दुसरीतला एक विचारतो, "टीचर, पाणी किती फुटाला होतं?" आता ह्याला काय सांगणार! पावसाळ्यात घराघरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ऐकतच ही पोरं वाढल्यात, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. शेजारची लगेच म्हणाली, "अरे समुद्राला फूट नसतोय, मी गणपतीपुळ्याला बघून आलोय." मग दहा मिनिटं पंचगंगाच झाली. पण ह्यातनं एक ध्यानात घेतलं, 2019 आणि 2021 च्या पुरात घर सोडून नातेवाइकांकडं राहिलेली दोन घरची मुलं आमच्यात आहेत, चिखलीकडची. त्यांच्यासाठी वादळाचा सीन ओरडाआरडा करून, लाईट घालवून करायचा नाही हे आम्ही शिक्षकांनी त्याच दिवशी ठरवलं. घाबरवून सांगितलेली गोष्ट पोरं विसरत नाहीत हे खरं, पण त्यातला देव विसरतात आणि भीती तेवढी ठेवतात.

मासा मात्र झकास झाला. राजारामपुरीत एका दुकानातनं फ्रिजचा रिकामा खोका मागून आणला, दोन्ही बाजू कापल्या, आत काळा कागद, बाहेर जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांचे खवले. पोरांनी एका बाजूनं रांगत आत जायचं, मध्ये बसून दुसऱ्या अध्यायातलं पाठांतराचं वचन म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर. इंग्लिश मीडियमची मुलं देवनागरी अडखळत वाचतात, पवित्र शास्त्राची भाषा तर अजूनच अवघड जाते त्यांना, पण अंधारात कागद दिसतच नाही म्हटल्यावर सगळ्यांनी ऐकून ऐकून पाठ केलं. एक बालवर्गातला आत जाऊन बसला तो येईचना, आवाज आतनं, "मी तीन दिवस हितंच राहणार." शेवटी केळं दाखवून बाहेर काढला.

आता माणसांचं. सगळ्यात मोठी फौज म्हणजे दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली पोरं-पोरी. घरात आई म्हणत असते मोबाईल ठेव, आणि ह्यांना पण काहीतरी पाहिजेच असतं. प्रत्येक आठ-दहा मुलांमागं एक मोठी शिक्षिका आणि हाताखाली एक दहावीवाला, असं लावलं. सहावी-सातवीच्या मुलांना बालगीतांवर नाचायला लावू नका, ती भिंतीला टेकून हसत उभी राहतात, त्यांना नाटकाचं सामान, हजेरी, पाण्याचे जार असं काम द्या.

गाण्यांना नवीन काही आणलंच नाही. तरुण संघाला हिंदी अ‍ॅक्शन साँग पाहिजे होती, दोन घेतली, पण बाकी आपली मराठी गीतंच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (1861 ते 1919) आपल्याला ओवी-अभंगाच्या चालीवर एवढं लिहून ठेवलंय, पेटी वाजवणारे एक आजोबा रोज येऊन बसायचे, पोरांना टाळ दिले, झालं. स्पीकरवर ट्रॅक लावून नाचण्यापेक्षा पोरं ह्यात जास्त गात होती असं मला वाटलं, तरुण संघाचं मत वेगळं आहे.

नाश्ता महिला मंडळानं वाटून घेतला. पोहे, उप्पीट, शिरा, एक दिवस भडंग आणि केळी, रोज लिंबू सरबत. अंदाज पाहिजे असेल तर किलोभर पोह्यात पंधराएक लहान पोरं आरामात होतात. मिरची कमी घाला हे कोल्हापुरातल्या बायकांना सांगावं लागतंच, आणि सांगूनही काही उपयोग होत नाही.

घाई असली तरी एका ठिकाणी घाई केली नाही ते म्हणजे रजिस्टर. मुलाचं नाव, पालकांचा नंबर, न्यायला कोण येणार, कशाची अ‍ॅलर्जी आहे काय, आणि पालकांची सही. गेटवर दोन मोठी माणसं, कुठलाही शिक्षक एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नाही, टॉयलेटला नेताना पण दोघं. एक काका म्हणाले, "आपल्याच घरातली पोरं, एवढं कशाला?" काका, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 पासून आहे आणि तो आपल्याच घरातल्या पोरांसाठी पण आहे. शेजारपाजारची, शाळेतली मित्र म्हणून येणारी हिंदू-मुस्लिम मुलं असतात, त्यांच्या आईवडिलांना भेटून सरळ सांगायचं की बायबलमधली गोष्ट सांगणार आहोत, गाणी आमची असतील, चालणार असेल तर सही करा. काही नको म्हणाले. काहींनी सही केली आणि वर विचारलं, नाश्त्याला आम्ही एक दिवस काय देऊ.

चौथा अध्याय मोठी माणसं बहुतेक सोडूनच देतात, मासा झाला की योना संपला. पण पोरांना तोच जास्त कळला. निनवे शहर नाशातून वाचलं म्हणून योना रुसून बसतो, वेल वाळला म्हणून अजून रुसतो, आणि देव त्याला विचारतो, एक लाख वीस हजारांवर माणसं आणि एवढी गुरंढोरं, ह्यांची मी कीव करू नको काय. पुस्तक तिथंच संपतं, योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. "मग तो काय म्हणाला?" वरून चौथीच्या वर्गात भांडण. एकीचं म्हणणं तो सॉरी म्हणाला असणार, एकाचं म्हणणं रुसलेला माणूस इतक्या लवकर सॉरी म्हणत नसतोय, आमचे पप्पा बघा.

रविवारी भक्तीनंतर नाटुकली. तिसऱ्या अध्यायात निनवेच्या माणसांबरोबर जनावरांनाही पश्चात्तापाचं गोणपाट घालतात, हे वाचल्यापासून योना व्हायला कुणी तयारच नव्हतं, सगळ्यांना म्हैस व्हायचं होतं. किराणावाल्याकडनं साखरेची पोती आणली, आत शर्ट घाला म्हणून सांगितलं तरी दोघं-तिघं खाजवतच स्टेजवर आली. योना शेवटी दहावीच्या एका पोराला व्हावं लागलं. राजा सिंहासनावरून उठून राखेत बसतो तिथं म्हशींनी हंबरायचं ठरलं नव्हतं, पण हंबरल्या, आणि मग राजाचं एक वाक्य कुणाला ऐकू आलं नाही.

बक्षिसांवरून मात्र कमिटीत वाजलं. काहींना पाठांतरात पहिला-दुसरा-तिसरा काढायचा होता, ढाल पण कुणीतरी द्यायला तयार होतं. मी नाही म्हटलं, एवढ्याशा दिवसांत कुठला नंबर काढता, सगळ्यांना एक कंपास पेटी द्या, जूनमध्ये शाळेला लागतेच. ढालवाले थोडे नाराज आहेत अजून.